येणे बाकी

14 ऑक्टोबर 2024, सोमवार. तामसी

दसरा होऊन दोन दिवस झाले. "दसऱ्याला नक्की" हा हॉटेलमालकांचा तिसरा वायदा होता. पहिला गणपतीचा, दुसरा पितृपक्ष संपल्यावरचा. आज सकाळी दोनदा फोन केला, दुपारी एकदा. वाजून वाजून बंद झाला. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

शेवटी वही काढली आणि हिशेब कागदावर मांडला. डोक्यातला हिशेब रात्री झोपू देत नाही. हैदराबादजवळच्या एका हॉटेलासाठी बारा चित्रं, प्रत्येकी 15,000, एकूण 1,80,000. जूनमध्ये विसार मिळाला 40,000. माल 3 सप्टेंबरला आदिलाबादहून टेम्पोने गेला. खर्च असा: कॅनव्हास आणि रंग 38,000, चौकटी 24,000, मदतीला येणाऱ्या मुलीची मजुरी 12,000, किकरी हे तंतुवाद्य घेऊन माझ्यासमोर बसणाऱ्या दादांचे 6,000, टेम्पो 5,500. बेरीज 85,500. माझी तीन महिन्यांची मजुरी यात धरलेलीच नाही, तरी 45,500 ची खोट. त्यातले 21,500 घरातून घातले. उरलेले 24,000 सुतारकाकांचं देणं.

बाहेर कापसाची वेचणी सुरू झाली आहे. वेचणाऱ्या बाया संध्याकाळी वजनकाट्यापाशी उभ्या राहतात आणि किलोवर पैसे मोजून घेतात. लाजत नाहीत. का लाजावं?

19 ऑक्टोबर, शनिवार

सुतारकाका येऊन गेले. अंगणात बसले, चहा घेतला, सोयाबीनच्या भावाचं बोलले. पैशाचा विषय काढला नाही. उठता उठता एवढंच म्हणाले, "पोरी, तिकडून काही आलं का?"

"नाही काका."

"येतील. मले घाई नाही."

घाई आहे. लाकडाच्या अड्ड्यावरचं बिल त्यांच्या डोक्यावर आहे, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. हैदराबादच्या माणसाने फोन उचलला नाही की त्याची झळ तामसीतल्या सुताराच्या घरापर्यंत येते, हे त्या माणसाला कधी दिसणार नाही. त्याच्या लेखी देणं फक्त माझं आहे.

काकांच्या आजोबांना खळ्यावर बलुतं मिळायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 'गावगाड्या'त (1915) बलुत्याआलुत्यांचा तो सगळा व्यवहार लिहून ठेवला आहे. ती व्यवस्था परत यावी असं मी म्हणणार नाही, तिच्यात जातीचं जोखड होतं आणि हक्काचं धान्यही मान खाली घालून घ्यावं लागे. पण एक गोष्ट तिच्यात होती. मळणी झाली की सुतार खळ्यावर हजर, आणि रास घरी जाण्याआधी त्याचा वाटा बाजूला निघे. माझ्या हातात तसं काहीच नाही. माल टेम्पोत चढला, त्याच क्षणी माझं खळं उठलं.

26 ऑक्टोबर, शनिवार

काल मारलवाईत कनक राजू गेले. गुसाडी नाच ज्यांच्यामुळे दिल्लीपर्यंत पोचला, ज्यांना 2021 ची पद्मश्री मिळाली, ते. आज दिवसभर घरात त्यांचाच विषय. दंडारीचे हेच दिवस. दिवाळीच्या आधी गोंड गावांतून नाचणाऱ्यांची टोळी निघते, डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट, अंगाला राख, खांद्यावर कातडं. एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला जाते आणि ते गाव तिला जेवू घालतं.

माझ्या बारा चित्रांपैकी सात गुसाडींची आहेत. मोरपिसांचा तो मुकुट रंगवताना एकेका डोळ्यावर अर्धा दिवस जायचा. तीन चित्रं पोचल्यावर मालकांनी फोटो पाठवून सांगितलं, निळा अजून गडद हवा. ती तीन परत आली, मी पुन्हा रंगवली, पुन्हा पाठवली. त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत, लिहूनही ठेवलं नाही. आज वाटतं, माझ्या वेळेला किंमत नाही हे त्यांना मीच शिकवलं.

किकरीवाले दादा परधान आहेत. घरात आमच्यासारखीच मराठी बोलतात, गायला बसले की गोंडी. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ 1940 च्या दशकात मारलवाईत राहून गेले, त्यांनीही परधानांचं हे दुहेरी बोलणं नोंदवलं आहे. परधानाचं घराणं अमुक गोंड घराण्यासाठी गातं, आणि त्या घराण्याने सणाला, लग्नाला, मर्तिकाला त्याला धान्य, कापड, जनावर द्यायचं, अशी ती जुनी बांधीलकी. मी दादांना विचारलं होतं, नाही दिलं तर? ते म्हणाले, "नाही कसं देतील? त्यांच्या पूर्वजांची नावं आमच्या तोंडात हायेत."

1 नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

सकाळी हॉटेलमालकांकडून लक्ष्मीचं चित्र आणि शुभेच्छा आल्या. शेकडो लोकांना एकदम पाठवलेला मेसेज. म्हणजे फोन चालू आहे, माझा नंबरही आहे. मी उत्तरात शुभेच्छा दिल्या आणि खाली रक्कम लिहिली. निळ्या खुणा. बस.

पूजेला बाबांची जुनी वही मांडली. बाबा पेंटर होते. दुकानांच्या पाट्या ते तीन लिप्यांत रंगवायचे, तेलुगू, देवनागरी, उर्दू, कारण आमच्या भागात एका लिपीत दुकान चालत नाही. 1956 साली आजच्याच तारखेला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्र प्रदेशात, आणि 2014 पासून तेलंगणात. पैनगंगेपलीकडे सोयरे, अलीकडे कचेरी. बाबांच्या पाट्यांवर मात्र सगळे एकत्र नांदायचे. पुढे फ्लेक्सची छपाई आली आणि ब्रश खुंटीला टांगला गेला.

वहीत एकोणीस नावं आहेत, ज्यांच्यापुढे रेघ मारलेली नाही. बाबा गेले तेव्हा ती सगळी उधारी तशीच राहिली. ते मागत नसत. ओळखीच्या दुकानावरून जाताना उलट तेच दुसऱ्या बाजूला बघत, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. तेव्हा आईचा राग यायचा, बाबा मोठ्या मनाचे वाटायचे. आज ती एकोणीस नावं वाचताना समजलं की त्या मोठ्या मनाचा खर्च आईने शेजारच्या वावरात निंदणीला जाऊन भागवला.

माझ्या वहीत विसावं नाव मी ठेवणार नाही.

7 नोव्हेंबर, गुरुवार

रात्री सप्टेंबरपासूनचे सगळे मेसेज ओळीने वाचले. मी पाठवलेले एकतीस. त्यातल्या बावीसांत कुठे ना कुठे "माफ करा", "त्रास देते", "आपल्या सवडीने" असे शब्द आहेत. माझेच पैसे मागताना मी बावीस वेळा माफी मागितली. आणि एकाही मेसेजमध्ये पूर्ण रक्कम आणि शेवटची तारीख एकत्र नाही. ज्याला टाळायचं आहे त्याच्यासाठी याहून सोयीचं काय?

भाच्याला बोलावून एकच पत्र लिहिलं. माझं तेलुगू बाजारापुरतं, त्यामुळे मजकूर मी मराठीत सांगितला, त्याने तेलुगूत उतरवला. कामाची तारीख, चित्रांची यादी, टेम्पोची पावती, मिळालेले 40,000, येणे 1,40,000, बँकेचा खाते क्रमांक, आणि 18 नोव्हेंबर ही शेवटची तारीख. त्यानंतर वकिलामार्फत कारवाई होईल, एवढं एक वाक्य. विनवणी नाही, शिव्या नाहीत. रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवायचं, आणि तेच व्हॉट्सॲपवरही.

भाचा म्हणत होता, हॉटेलचं नाव घेऊन फेसबुकवर टाकू, दोन दिवसांत पैसे येतील. नको म्हटलं. रागात एक शब्द जास्त गेला की फिर्यादी हॉटेलमालक होईल आणि मी आरोपी. भाच्यानेच मग हॉटेलच्या पानावरचा एक फोटो दाखवला. जेवणाच्या दालनात माझे सात गुसाडी ओळीने टांगलेले आहेत. खालच्या कोपऱ्यातली माझी सही चौकटीवर चढवलेल्या सोनेरी पट्टीखाली गेली आहे. पैशाचं दुःख एका जागी होतं. हे दुसऱ्याच जागी लागलं.

13 नोव्हेंबर, बुधवार

कुरियरने चेक आला. 60,000 चा, 15 तारखेचा. सोबत चिठ्ठी नाही. आईने तो देवापुढे ठेवला. मी सुतारकाकांना लगेच सांगायला निघाले होते, आईने थांबवलं. "खात्यात येऊ दे."

25 नोव्हेंबर, सोमवार

चेक परत आला. बँकेच्या कागदावर कारण: रक्कम अपुरी.

28 नोव्हेंबर, गुरुवार. आदिलाबाद

कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. आजवर मी त्या पाटीसमोरून नुसती जात आले. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही मिळतो. हे गावात किती जणींना माहीत असेल?

वकीलबाई भेटल्या. नीट ऐकून घेतलं, कागद बघितले आणि म्हणाल्या, "ताई, चेक परत आला हे वाईट वाटून घेऊ नका. आतापर्यंत तुमच्याकडे नुसता शब्द होता, आता पुरावा आहे." मग न वटलेल्या चेकबद्दलचं कलम 138 समजावून सांगितलं. बँकेचा कागद मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यायची. ती पोचल्यापासून पंधरा दिवस त्याला पैसे भरायला. नाही भरले तर पुढच्या महिनाभरात फौजदारी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यातली एकही तारीख चुकली की हा रस्ता अवघड होऊन बसतो. मला सगळ्यात मोठी भीती हैदराबादच्या खेट्यांची होती. त्या म्हणाल्या, 2015 च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेला चेक वटला नाही तर तक्रार पैसे घेणाऱ्याचं खातं जिथल्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात होते. माझं खातं आदिलाबाद जिल्ह्यात. म्हणजे त्याने इकडे यायचं.

बाकीच्या 80,000 साठी दिवाणी दावा, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत. त्याने लेखी कबुली दिली तर मुदत कबुलीच्या तारखेपासून पुन्हा मोजतात. हे ऐकल्यावर मेसेज न पुसल्याचं समाधान वाटलं.

चित्रांवरच्या हक्काचं विचारलं. मला वाटत होतं, पैसे दिले नाहीत म्हणजे हक्क माझाच. तसं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमात लिहिलं आहे की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला ठरवून काढलेल्या चित्राचा पहिला हक्कदार काढवून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. वेगळा करार म्हणजे कागदावर एक ओळ: "पूर्ण रक्कम मिळेपर्यंत सर्व हक्क चित्रकाराकडे." ही एक ओळ मी लिहिली नाही. छापील नमुना नव्हता म्हणून नव्हे, तर समोरच्याला अविश्वास वाटेल म्हणून.

पण सहीचं वेगळं. चित्र माझं आहे हे सांगण्याचा हक्क सत्तावन्नाव्या कलमाने माझ्याकडेच राहतो, चित्र आणि कॉपीराइट दोन्ही विकले तरी. वकीलबाईंनी अमरनाथ सहगलांचा खटला सांगितला. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प सरकारने स्वतःच काम देऊन करवून घेतलं, 1962 ला ते पुरं झालं, आणि 1979 ला भिंतीवरून उतरवून गोदामात टाकलं. सहगल कोर्टात गेले. 2005 साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाखांची भरपाई ठरवली. उतरवल्यापासून सव्वीस वर्षांनी.

परतीच्या बसमध्ये सव्वीस वर्षांचाच विचार करत होते. त्यांनी ती वर्षं काढली म्हणून आज एक वकील मला तामसीत परतताना काहीतरी हातात देऊ शकली.

30 नोव्हेंबर, शनिवार

नोटीस गेली. सहीच्या पट्टीचा मुद्दाही तिच्यात घातला आहे.

रात्री चित्रकार व्हिसलरच्या मोराच्या दालनाबद्दल वाचलं. लंडनमध्ये 1876-77 साली जहाजमालक लेलँड याने जेवणाच्या दालनाचं काम व्हिसलरला दिलं होतं. व्हिसलरने 2,000 गिनी मागितल्या, हातावर आले 1,000 पौंड. गिनी एकवीस शिलिंगांची, पौंड वीसचा. चित्रकार, डॉक्टर यांना गिनीत देण्याची रीत होती, दुकानदाराला पौंडात. म्हणजे निम्मे कापले ते वेगळे, शिवाय शिलिंग कापून त्याची जागा दाखवली. व्हिसलरने भिंतीवर एकमेकांवर चालून जाणारे दोन मोर काढले आणि एकाच्या पायाशी नाणी विखुरली. ते दालन आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

चित्र मोठं आहे, पण व्हिसलरची बाजू मला पूर्ण पटत नाही. मालक बाहेरगावी असताना त्याने ठरलेल्याच्या कितीतरी पुढे जाऊन अख्खं दालन रंगवलं, विचारलं नाही, लिहून घेतलं नाही, आणि मग किंमत सांगितली. माझ्या गडद निळ्याची हीच गोष्ट आहे, आकार लहान एवढंच.

11 डिसेंबर, बुधवार

पोचपावतीचं कार्ड आलं. नोटीस 5 तारखेला मिळाली आहे. पंधरा दिवस 20 ला संपतात.

आणि आज हॉटेलमालकांचा फोन आला. अडीच महिन्यांनी. आवाज मऊ. मला अम्मा म्हणाले, नोटिशीपर्यंत जायला नको होतं म्हणाले. मग सांगितलं की पावसाळ्यात हॉटेल रिकामं होतं, बँकेचे हप्ते थकले आहेत. खरं असेल. मी त्यांना म्हटलं, हे सप्टेंबरमध्ये सांगितलं असतं तर मी थांबले असते, हप्ते बांधून दिले असते. अडचण कुणालाही येते. फोन न उचलणं ही अडचण नाही, ती तुम्ही निवडलेली गोष्ट आहे. चेकची रक्कम 20 च्या आत, बाकीचं लिहून द्या.

हात थरथरत होता, पण आवाज नाही. "माफ करा" एकदाही म्हटलं नाही.

18 डिसेंबर, बुधवार

60,000 खात्यात जमा.

दुपारीच सुतारकाकांकडे गेले. 24,000 हातात दिले. त्यांनी दोनदा मोजले, खिशातून छोटी वही काढली, माझ्या नावावर आडवी रेघ मारली आणि ती मला दाखवली. मग म्हणाले, "आता बस, भाकर खाऊन जा."

2 जानेवारी 2025, गुरुवार

बाकी 80,000 ची लेखी कबुली आली. फेब्रुवारी ते मे, दर महिन्याच्या 10 तारखेला 20,000. सोनेरी पट्टी काढल्याचा फोटोही आला. सही दिसते.

या आठवड्यात उद्यम नोंदणी केली. 2006 च्या कायद्याने नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. जुन्या कामाला तिचा आधार मिळेलच असं नाही, कामाआधी नोंदणी हवी होती. पुढच्याला मिळेल. निर्मळच्या नक्काश कारागिरांची सहकारी संस्था कित्येक दशकांची आहे. आपण सुटे सुटे चित्रकार मात्र एकेकटे फोन लावत बसतो. आदिलाबादमधल्या चौघीपाचजणींशी बोलले आहे, करारनामा तरी सगळ्यांचा एकच असावा.

नवं काम आलं आहे, एका शाळेची भिंत. कागद आधी पाठवला: निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी, पाव रक्कम अर्ध्यावर, पाव शेवटी. एक दुरुस्ती मोफत, पुढच्या प्रत्येकीचे पैसे. हक्काची ती ओळ. मुख्याध्यापकांनी वाचून सही केली आणि विचारलं, पाणी आणि शिडी आमच्याकडून ना? त्यांना अविश्वास वगैरे काही वाटला नाही.

28 जानेवारी, मंगळवार. केसलापूर

पुष्य अमावास्येची नागोबाची जत्रा. मेस्राम घराण्याची माणसं अनवाणी चालत गोदावरीचं पाणी घेऊन आली आहेत, आज रात्री महापूजा. किकरीवाले दादा इथेच भेटले.

पूजेची मडकी सिरीकोंड्याचं एक कुंभार घराणं घडवतं, पिढ्यानपिढ्या तेच. मडकी सांगायला मेस्रामांची माणसं चकडा, म्हणजे लहान बैलगाडी, जुंपून आधी त्याच्या दारी जातात. जत्रेची सुरुवात तिथून. काम सांगायला कारागिराच्या घरी जाणं हाच विधीचा भाग. मी आजवर ही गोष्ट फक्त मडक्यांची समजत होते.

दादांना शाळेच्या भिंतीसाठी पुन्हा बसाल का विचारलं. या वेळी त्यांचे पैसे बसण्याआधी दिले.

13 फेब्रुवारी, गुरुवार

20,000 जमा. तीन दिवस उशिरा, एक मेसेज पाठवल्यावर. येणे बाकी 60,000. पुढची तारीख 10 मार्च.